बॉयलरमधली फुंकर

गल्लीत त्यांना सगळे वाफेबुवा म्हणत. नोकरी जन्मभर लिफ्ट दुरुस्त करण्याची, पण जीव सगळा वाफेच्या इंजिनांत. खरी नव्हेत, टेबलावर मावणारी: पितळी चाकं, तांब्याचे बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा. कुणाच्या तरी आजोबांनी लहानपणी खेळलेली आणि मग माळ्यावर गंजलेली ही इंजिनं जुन्या बाजारातून उचलून आणायची आणि चालती करायची, एवढाच नाद. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुणे नाकं मुरडत. मुरडोत बापडे. ज्यांना टीव्हीच्या रिमोटमधले सेल बदलता येत नाहीत, त्यांनी बुवांच्या खोलीला नावं ठेवावीत, हा अजब न्याय आहे.

जुनं इंजिन थेट पेटवायचं नसतं. आधी नळीत तोंडाने फुंकायचं. नुसत्या फुंकरीवर चाक फिरलं तर समजायचं, आतलं सगळं मोकळं आहे. बिड्यांनी बुवांच्या छातीत दम ठेवला नव्हता, म्हणून फुंकायचं काम बायकोकडे. ती तरणतलावावर पोरींना पोहायला शिकवायची. पाण्याखाली गेली की बघणाऱ्यांचाच जीव कासावीस व्हायचा. ती फुंकायची आणि हे सिलिंडरला कान लावून स्क्रू पिळायचे.

"अगं हळू! इंजिन आहे, चूल नाही."

"मग फुंका तुम्हीच. बघू कोण आधी आडवं होतं ते."

असा त्यांचा संसार. चांगला चालला होता.

शेवटचं इंजिन आलं ते उभ्या बॉयलरचं, त्यावर दाब दाखवणारी इवलीशी तबकडी. बॉयलर बुडाशी फुटलेला. बुवांनी त्याला डाग दिला. डाग नीट बसला की नाही हे पाहायला बॉयलरमध्ये हवा भरून तो पाण्यात बुडवतात. बायकोने छाती भरून फुंकलं, बुवांनी हवा आत कोंडायला चटकन नळीचा कॉक फिरवून बंद केला आणि बॉयलर बादलीत धरला. एक बुडबुडा आला नाही. "जरा बसते हं," म्हणत ती खुर्चीत टेकली. बुवा बॉयलर इंजिनाला परत जोडण्यात गुंग. जोडून झाल्यावर "बघ, कसा बसला!" म्हणत ते वळले. तिने बघितलं नाही. ती आता काहीच बघणार नव्हती.

लोक आले, रडले, गेले. कॉक बंदच राहिला. मग कधीतरी बुवांच्या ध्यानात आलं, की तबकडीचा काटा शून्यावर नाही. केसभर वर आहे. तोंडाच्या फुंकरीने काटा जेमतेम हलतो आणि लगेच उतरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि पुन्हा तिथेच येऊन थांबला. पुढे पुढे तो आपणहून हलूही लागला. किंचित वर, किंचित खाली, अगदी संथ. बॉयलरला हात लावला तर कोमट. खिडकीतल्या उन्हाने तापला असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. त्या खिडकीतून ऊन कधीच येत नव्हतं.

बुवा घाबरले, खोटं कशाला बोला? पण भीतीपेक्षा लोभ मोठा. बायकोचे कपडे देऊन झाले होते, तिचा आवाजही नीट आठवेनासा झाला होता. हा एक श्वास तेवढा घरात उरला होता. तो सुटू नये म्हणून ते खोलीला कुलूप घालू लागले. बाजार सुटला, जेवण निम्मं झालं. ते तासन् तास तबकडीसमोर बसत. आपलाही श्वास काट्याच्याच चालीने चाललाय हे कळलं की अंग शहारून यायचं, पण उठवत नसे.

मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. बाप खंगत चाललाय एवढं तिला दिसलं. "बाबा, आता एकटं राहायचं नाही. माझ्याकडे चला. एक संग्रहवाले इंजिनं न्यायला तयार आहेत."

"नेऊ दे. उभं तेवढं माझ्यासोबत येईल," बुवा म्हणाले आणि कुलूप काढून दिलं.

ती सकाळपासून इंजिनं गुंडाळत बसली. तिला त्यातलं सगळं येत होतं, बापानेच शिकवलेलं. कॉक बंद ठेवून इंजिन कधी बांधायचं नाही, आत ओल कोंडते आणि बॉयलर सडतो. यासाठी लहानपणी तिने बोलणी खाल्ली होती. त्यामुळे प्रत्येक इंजिन हातात घेतलं की ती आधी कॉक उघडत होती. बुवा रद्दी आणायला बाहेर गेले. परत आले तेव्हा उभं इंजिन तिच्या मांडीवर होतं.

"नको!" बुवा ओरडले.

कॉक उघडला होता. चाक फिरू लागलं, सावकाश, आवाज न करता.

"अय्या, वाफेशिवाय चालतंय!" मुलगी हसली. एका फुंकरीवर ते दोन-चार गिरक्या घेऊन थांबायला हवं होतं. ते फिरतच राहिलं. तिचं हसू विरलं. बऱ्याच वेळाने चाक मंदावलं, थांबलं, आणि काटा शून्यावर टेकला.

बुवा भिंतीला धरून खाली बसले. "गेली गं," ते रडत म्हणाले. "तुझी आई आता खरी गेली."

"बाबा, काय बोलताय?"

तेवढ्यात चाक हललं. उलटं. पाण्याखालून उशिरा वर आलेल्या माणसासारखं ते अडखळत, धडपडत फिरू लागलं. मुलीने वाफ बाहेर पडायच्या नळीवर बोट धरलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं.

"बाबा, हे आत ओढतंय."

बुवा गुडघ्यांवर सरकत आले. आजवर त्यांच्या घरात बायकोनेच फुंकलं होतं. त्यांनी नळीला ओठ लावले आणि छातीत होता नव्हता तेवढा दम तिला दिला. चाक सुरळीत फिरू लागलं. त्यांनी पुन्हा दिला.

"बाबा, पुरे! ओठ निळे पडलेत तुमचे!" मुलगी त्यांचा खांदा ओढत होती.

बुवांनी तोंड न काढता हाताने तिला थांब म्हटलं. काटा चढत होता.