खाणीवरचे गुरुवार

प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या माणसाकडे किस्से साठतातच, कारण ते सांगायला त्याला जागाच मिळत नाही. आठ तास पत्र्यावर ठोके पडत असतात. शेजारच्याला चहा पाहिजे का एवढं विचारायचं, तरी हातवारे करावे लागतात. कॅन्टीनमध्ये अर्धा तास मिळतो, त्यातला निम्मा रांगेत जातो. मग सगळं बोलणं उरतं ते गुरुवारच्या सुट्टीसाठी. आणि आमचा गुरुवार असायचा चाकणच्या पुढे, एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या पाण्यावर, गळ टाकून.

आम्ही चौघं. मी क्वालिटी इन्स्पेक्टर. आबा स्टोअर सांभाळायचे. गाव तिथलंच आणि खाणही त्यांच्या भावकीची, त्यामुळे आम्हाला कोणी हटकत नसे. दिलीप लातूरकडचा, प्रेसवर ऑपरेटर. आणि सावंत, मालवणकडचा, मेंटेनन्सचा फिटर. आम्ही तिघं मिळून दिवसभरात जेवढं बोलायचो, तेवढं सावंत गाडी स्टँडला लावेपर्यंत बोलून मोकळा व्हायचा.

*

पहिल्याच गुरुवारची गोष्ट. मासे धरताना हळू बोलायचं असतं हे आम्हाला माहीत होतं आणि आम्ही हळूच बोलत होतो, असा आमचा समज होता. पण वर्षानुवर्षं प्रेसच्या आवाजात ओरडून बोलणाऱ्या माणसाचं हळू म्हणजे किती? दिलीप तेव्हा चाकूरला मुलगी बघून आला होता. सकाळभर त्याने आम्हाला 'कुजबुजत' सगळं सांगितलं. मुलीचं शिक्षण, सासऱ्याचा स्वभाव, पोहे खारट होते ते.

दुपारी पलीकडच्या काठावरचा म्हशीवाला वळसा घालून आमच्याकडे आला. दिलीपच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पोरगी चांगली हाय राव. पोह्यांचं काय मनावर घेऊ नका."

दिलीपने हो म्हणून टाकलं. आज त्याला दोन मुली आहेत. मासा मात्र त्या दिवशी एकही लागला नाही.

*

माघातही आम्ही जायचो. थंडी पुरती गेलेली नसते, सकाळी पाण्यात हात घातला की बोटं बधिर होतात. अशा पाण्यात मरळ तळाशी पडून राहते, तोंडासमोर बेडकी आली तरी बघत नाही. ऊन चढून उथळ कडेचं पाणी कोमट झालं, की मग हळूच वर सरकते. हे सगळं आबांचं ज्ञान.

मी पडलो क्वालिटीवाला. थर्मामीटर घेऊन गेलो. दर अर्ध्या तासाला पाण्याचं तापमान घ्यायचं आणि वहीत लिहायचं. पाच गुरुवार झाल्यावर चांगला ग्राफ तयार झाला. तो मी आबांपुढे धरला. आबांनी चप्पल काढली, एक पाय पाण्यात घातला, बाहेर काढला.

"आज न्हाई," म्हणाले.

"कशावरून आबा?"

"पाय काढावासा वाटला."

आणि खरंच, त्या दिवशी काही लागलं नाही. ग्राफ सावंतने घेतला आणि त्याच्यावर कांदा कापला.

*

सावंतला गोड्या पाण्यातल्या माशांचा मनापासून तिटकारा. "आमच्याकडे ह्याका मांजर सुदिक हुंगूचा नाय," हे तो प्रत्येक माशाला तोंडावर सांगायचा. हो, माशालाच. गळ टाकल्यापासून मासा पिशवीत जाईपर्यंत त्याचं माशाशी बोलणं चालू. तुझो बापूस कोण, खंयचो तू, हय काय करतंस, खाणीत काय ठेवलाहा.

आबा वैतागायचे. "आरं गप की लेका. तुझ्या आवाजानं पार आळंदीपर्यंत मासं पळत्यात."

तरी त्याच्याच गळाला जास्त मासे लागायचे. हे कोडं आम्हाला कधी सुटलं नाही.

सांगवीला त्याचं घर, मी पिंपळे सौदागरला. मी त्याला बाईकवर घ्यायचो. तासाभराच्या रस्त्यात तो मागे बसून माझ्या हेल्मेटमध्ये बोलत राहायचा. मला अर्धं ऐकू यायचं नाही. मी नुसतं "हो, हो" करायचो. आता ते अर्धं काय होतं, याचा विचार मी फार वेळा करतो.

*

मागच्या दिवाळीनंतर त्याचा आवाज बसला. थंडी बाधली म्हणून आम्ही हसलो. आबांनी ज्येष्ठमध दिलं. दिलीप म्हणाला, "बरं झालं की, यंदा मासे लागतेत." महिनाभराने तपासण्या झाल्या आणि कळलं की स्वरयंत्रच काढावं लागणार.

ऑपरेशनच्या आधीच्या गुरुवारी सावंत म्हणाला, खाणीवर जाऊ. वैशाली वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला एक काम दिलं होतं. फोनवर आवाज रेकॉर्ड करून आण. काहीही बोल, पण पोटभर बोल.

आम्ही त्याला एकटा सोडून जरा लांब जाऊन बसलो. त्याने फोन दगडावर ठेवला, बटण दाबलं, आणि हा माणूस, जो गळाला लागलेल्या शिंगाडा माशाशी तासभर बोलायचा, त्याला काही सुचेना. दोनदा घसा साफ केला. पाण्याकडे बघत बसला. शेवटी मला हाक मारून म्हणाला, "काय बोलू रे?"

ते रेकॉर्डिंग तीन मिनिटांचं आहे. वारा आहे, दिलीपची शिंक आहे, आणि शेवटी "काय बोलू रे?" वहिनींनी ते जपून ठेवलंय. मी एकदाच ऐकलं.

*

हॉस्पिटलमध्ये आबा भेटायला आले तेव्हाचं सांगतो. मी आणि दिलीप आधीच तिथे होतो. सावंतच्या गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं, हातात पाटी आणि खडू. आबा कॉटजवळ उभे राहिले आणि हातवारे करायला लागले. पोटाकडे बोट, तोंडाकडे बोट, मग पंजा हलवून प्रश्न. म्हणजे जेवलास का. पाच मिनिटं आबा असे खुणांनी बोलत होते आणि मध्येच डोळे पुसत होते.

सावंतने सगळं पाहून घेतलं. मग पाटीवर लिहिलं, "आबा, माझे कान चांगले आहेत."

आबांकडे चष्मा नव्हता. पाटी हातात घेऊन त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि खुणेनेच विचारलं, काय?

मी वाचून दाखवल्यावर सावंत हसला. हसताना खांदे हलले, तोंड उघडलं, आवाज नव्हता. आम्ही तिघंही लगेच दुसरीकडे बघायला लागलो. ते बरं केलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

*

आणखी एक चूक माझी. पाण्याच्या काठावर काही झालं तर हाक कशी मारणार, म्हणून मी त्याच्यासाठी एक शिट्टी आणली. चांगली, पितळी, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. घरी जाऊन मोठ्या कौतुकाने दिली.

सावंतने ती ओठांना लावली. गाल फुगवले. मग शिट्टी खाली घेतली आणि गळ्यावरच्या भोकाकडे बोट दाखवलं. श्वासच तिथून येत होता, तोंडात फुंकायला हवा कुठली?

क्वालिटीत अठरा वर्षं काढलेला माणूस मी. एवढंही लक्षात आलं नाही. त्याने माझी पाठ थोपटली आणि शिट्टी ठेवून घेतली. जिना उतरताना मला रडू आलं.

*

या माघात तो परत यायला लागला. बाईकवर मागे बसला, पण मागून काहीच येईना. भोसरी येईपर्यंत मी आरशात चार वेळा पाहिलं, तो आहे ना म्हणून.

खाणीवर आम्ही चौघं बसलो. कोणी बोलेना. त्याच्यापुढे बोलायचं म्हणजे उपाशी माणसापुढे बसून जेवल्यासारखं वाटायचं. एक गुरुवार गेला, दोन गेले. पाणी गार होतं तरी मासे भरभरून लागत होते. इतके कधीच लागले नव्हते. गप्प बसलं की मासे पळत नाहीत, आबा म्हणायचे तसंच झालं होतं आणि आबांनाच ते सहन होत नव्हतं. दुसऱ्या गुरुवारी त्यांनी आपला मासा गळावरून सोडवला आणि पुन्हा पाण्यात टाकून दिला.

रविवारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ते आता येणार नाहीत म्हणतात. लिहून दिलंय मला. माझ्यामुळे तिघं गप्प बसतात, त्यापेक्षा मी घरीच बसतो. तुम्ही काहीतरी करा हो. दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतात."

मी दिलीपला आणि आबांना सांगितलं. आम्ही ठरवलं की बोलायचं. सावंतला कसाबसा तयार करून नेलं आणि ठरल्याप्रमाणे बोलायला लागलो.

"थंडी आहे," मी म्हणालो.

"व्हय," आबा म्हणाले.

"आमच्याकडं बी हाय," दिलीप म्हणाला. त्याची आई फोनवर म्हणाली होती.

एवढ्यावर आमचं संपलं. सावंत वीसेक पावलं लांब, उथळ कडेला जाऊन एकटाच गळ टाकून बसला. पाठ आमच्याकडे. मला वाटलं, हा शेवटचा गुरुवार.

*

आणि मग ते झालं.

आबांना भूक लागली. दिलीपच्या पिशवीत दोन डबे होते. आबांनी एक उघडला. छान गोल लाडू. एक खाल्ला, दुसराही खाल्ला. म्हणाले, "दिलप्या, सूनबाईचा हात चांगला हाय. जरा मऊ झालेत, पण बडीशेप घातलीय, झ्याक लागतंय."

दिलीपचा चेहरा पांढरा पडला. "आबा, ते माशांचं खाणं आहे, गळाला लावायचं. पेंड, गूळ, कणीक आन बडीशेप. परवाच्या दिवशीचं आहे!"

आबांनी तिसरा लाडू तोंडाशी आणलेला. एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "मंग माशाची चैनच हाय म्हणायची," म्हणाले आणि तो पण खाल्ला.

मला जे हसू फुटलं ते आवरेना. दिलीप सांगत होता की पेंड गोठ्यातून आणली होती, कोणत्या गोठ्यातून, तिथे काय काय सांडलेलं होतं. आबा म्हणत होते की लहानपणी त्यांनी याच्यापेक्षा वाईट खाल्लंय, आणि काय काय खाल्लंय त्याची यादी देत होते. तिघंही एकदम बोलत होतो, प्रेस शॉपच्या आवाजात. किती वेळ, कोण जाणे. सावंत तिथे आहे हेच आम्ही विसरलो होतो.

माझं लक्ष गेलं तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा होता. काठी मधोमध मोडलेली. नायलॉनचा दोरा तळहातात रुतून रक्त येत होतं. समोरच्या पाण्यात मोठी गोल लाट काठाकडे येत होती. एवढा मासा त्या खाणीत आम्ही कधी पाहिला नव्हता, आणि तो गेला होता.

मी धावत गेलो. "अरे, टाळी वाजवायची! एक दगड फेकला असतास तरी आलो असतो. किती वेळ झुंजत होतास?"

त्याने दोन्ही हातांनी सांगितलं, बराच.

"मग?"

त्याने हात शर्टाला पुसला, खिशातून फोन काढला आणि सावकाश टाइप केलं. आबा आणि दिलीपही आले. मी मोठ्याने वाचलं.

"आबा बोलत होते. लाडू खाल्ल्यावर दिलीप काय म्हणाला ते मला नीट ऐकू आलं नाही. परत सांगा."