ब्रेकमध्ये दाखवते

चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधतात. लाइनवर सगळ्या बायका, आणि सगळ्या कॉन्ट्रॅक्टच्या. काही महिने भरले की ठेकेदार ‘ब्रेक’ देतो. म्हणजे घरी बसवतो आणि महिन्याभराने नव्याने घेतो, कुणी पर्मनंट व्हायला नको म्हणून. घेईलच याचा भरवसा नाही. तरी आमचं सगळं आयुष्य त्या ब्रेकवर ढकललेलं. दाढ काढायची ती ब्रेकमध्ये, पिशवीचं ऑपरेशन ब्रेकमध्ये. एकीने तर दिराचं लग्नसुद्धा ब्रेक बघून धरलं होतं.

महिला दिनाला कंपनीने स्तनाच्या कॅन्सरचं शिबिर ठेवलं. ऑफिसातल्या बायका मोजक्याच, आणि फोटोत खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत, म्हणून आम्हाला लाइनवरून उठवून मागे बसवलं. सगळ्यांना गुलाबी फिती टोचल्या. डॉक्टरबाई मात्र मनापासून बोलल्या. न दुखणारी गाठसुद्धा दाखवा, लगेच दाखवा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मग तपासणी सुरू झाली आणि सुपरवायझर म्हणाला, “कॉन्ट्रॅक्टवाल्या लाइनवर चला. तपासणी स्टाफसाठी आहे.” जसा काही कॅन्सर आधी गेटपास बघतो!

माझ्या शेजारच्या टेबलावर लातूरकडची एक बाई होती. माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणायचे. त्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर कपडे बदलायच्या खोलीत तिने माझा हात धरून स्वतःच्या काखेजवळ ठेवला. सुपारीएवढी टणक गाठ होती.

“दुखतबी नाही की गं,” ती म्हणाली.

“आक्का, त्या बाई तेच तर सांगत होत्या. उद्याच जा.”

“एकदा गेलं की फोटो काढा, सोनोग्राफी करा, तुकडा काढा. हेलपाटेच की. इतके खाडे केल्यावर ठेवतेत का मला? ब्रेक आलाच हाय. ब्रेकमध्ये दाखवते.”

तिचा नवरा वर्षभर बिनकामाचा घरी होता. मला तिचा राग आला, आणि तिचं म्हणणं खोडता येईना याचा त्याहून जास्त राग आला.

नेमका त्या वर्षी ब्रेक वेळेवर आलाच नाही. ऑर्डर वाढल्या होत्या. ज्या ब्रेकला आम्ही शिव्या घालायचो, त्याची आता देवासारखी वाट बघू लागलो. आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो, म्हणजे कारखान्यांची आठवड्याची सुट्टी तेव्हा असते, पण ते गुरुवारही ओव्हरटाइममध्ये गेले. नाही म्हणणाऱ्या दोघींना ठेकेदाराने गेटवरूनच परत पाठवलं. मी आक्कासाठी सुपरवायझरकडे गेले. माणूस वाईट नव्हता. “सुट्टी देतो ताई,” तो म्हणाला, “पण तिची जागा धरून ठेवणं माझ्या हातात नाही.” आक्का टेप गुंडाळताना दात आवळायला लागली. आता दुखत होतं.

दिवाळी होऊन गेल्यावर ब्रेक मिळाला. आम्ही दोघी पिंपरीला सरकारी दवाखान्यात गेलो. तपासण्यांत बरेच दिवस गेले. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले. हाडांत पसरलाय, म्हणाले. ऑपरेशनचा आता उपयोग नाही, गोळ्या आणि इंजेक्शनं देऊ, जेवढं रोखता येईल तेवढं रोखू. मग ते चिडलेच. “कंपन्यांमध्ये येऊन शिबिरं घेतो आम्ही. तरी तुम्ही बायका अंगावर काढता. जरा जागरूक व्हा!”

माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. आक्काने टेबलाखाली माझा हात दाबला.

“चुकलं, साहेब,” ती म्हणाली. खरंच चुकल्यासारखी मान खाली घालून म्हणाली. मग पदर सावरून हळूच विचारलं, “या गोळ्या खाऊन उभ्यानं काम जमंल का? ब्रेक महिन्याचाच हाय.”