मिशी आणि मास्क

२००७ च्या उन्हाळ्यात दुधाच्या टँकरचा एक ड्रायव्हर शिरूरच्या मेडिकल दुकानात आला. झोपेत हवा देणाऱ्या मशीनचा मास्क तो तिसऱ्यांदा बदलत होता. मी तिथे गोळ्या घेत होतो. झोपेत त्याचा श्वास अडकायचा आणि दिवसा स्टेअरिंगवर डोळा लागायचा. टँकरच्या मालकाने किल्ली काढून घेतली होती. झोप सुधारली तरच ती परत मिळणार होती.

सोबत आणलेले मशीन सुरू करून, मास्क बांधून तो बाकावर आडवा झाला. कूस बदलून त्याने मिशीजवळ तळहात धरला. मास्कच्या कडेने हवा निसटत होती. त्याने पट्टे आवळले आणि पुन्हा कूस बदलली.

“मिशी काढा की, पाव्हणं,” दुकानदार म्हणाला.

“बाप गेल्यावर काढत्यात मिशी. आबा तर ह्ये बसल्यात. उद्या सगळं गाव दारात बसायला यील. दुसरा दाखवा.”

बाकाच्या टोकाला बसलेले त्याचे वडील म्हणाले, “काढ रं. आलं गाव, तर मीच च्या पाजतो.”

ड्रायव्हरने तोच मास्क पिशवीत ठेवला.

महिन्याभराने तो मला घोड नदीच्या पुलावर टँकर चालवताना दिसला. मिशी नव्हती. शेजारच्या सीटवर वडील बसले होते.