तीस फ्रेमचा दोष ताईच्या हातांना

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे मी आजही ताठ मानेने सांगतो. पण त्यातून घरात एक पद्धत पडली. मिक्सर असो, मळ्यातला पंप असो की मोबाइल, यंत्राच्या बाबतीत मी म्हणेन ते शेवटचं. त्यावर कोणी उलट विचारत नाही.

नोकरी लागल्यावर शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या दुकानातून मी गेमचा कन्सोल आणला. दोन प्रकार होते, त्यातला स्वस्तातला घेतला. अशा कन्सोलला एकच काहीतरी जमतं. चित्र रेखीव हवं असेल, तर सेकंदाला तीसच फ्रेम, म्हणजे तीसच चित्रं, पडद्यावर येतात. रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातला बारकावा, कमी केलं की साठ येतात आणि हालचाल सुळसुळीत होते. मी रेखीव चित्र ठेवलं. मोठ्या टीव्हीवर पाहुण्यांनी मैदानातलं गवत बघून तोंडात बोटं घालावीत, एवढंच माझ्या डोक्यात.

ताई माझ्याहून मोठी. दहावीनंतर ती फुलांच्या मळ्यात राहिली, मी कॉलेजला गेलो. झेंडूचे हार ओवण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नाही. एका रविवारी मामा आलेले असताना ती क्रिकेटचा गेम खेळायला बसली. तीन वेळा त्रिफळा उडाला.

"मी येळेवर दाबते रे, पण बॅट मागून फिरती."

"मशीन चुकत नसतं, ताई. तुझे हात स्लो आहेत."

मामा हसले. "तू आपली हारच ओव, बाई."

तीही हसली आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला.

त्याच दिवसांत ती स्कूटर शिकत होती, फुलं स्वतः बाजारात न्यायला. पुढच्या आठवड्यापासून तिने स्कूटरला हात लावला नाही. आमच्या वडिलांनी, आबांनी, विचारलं तर म्हणाली, "माझे हात स्लो हायेत. गर्दीत ब्रेक उशिरा लागला मंजे?" आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जेवत राहिलो.

काही महिन्यांनी ऑनलाइन खेळताना मीच सारखा हरायला लागलो, तेव्हा कुठे शोधाशोध केली. तीस फ्रेमवर बटण दाबल्याचा परिणाम पडद्यावर उशिरा दिसतो, असं वाचलं. सेटिंग बदललं. गवत जरा धूसर झालं आणि बॅट वेळेवर फिरली.

मळ्यात जाऊन ताईला सांगितलं. ती फुलं खुडत होती.

"मंजे मी म्हणत व्हते ते खरं व्हतं?"

"हो."

"तुला कोणी सांगितलं?"

"नेटवर वाचलं."

"नेटचं ऐकलंस," ती म्हणाली. पुढच्या झाडाकडे सरकली. "मामांसमोर बोल्ला व्हतास. आता त्यांच्यासमोरच सांग."

मामा पुन्हा आले तेव्हा जेवताना मी सांगितलं, की उशीर मशीनमुळे होत होता, ताईच्या हातांमुळे नाही. आबा लगेच म्हणाले, "मंजे मशीनच हलकं निघालं. याचा काय दोष?" मामांनीही मान डोलावली.

मशीन बिघडलेलं नव्हतं. सेटिंग मी लावलं होतं, आणि ताईने पहिल्याच दिवशी सांगितलेलं मी उडवून लावलं होतं. एवढंच बोलायचं राहिलं होतं. ताई भाकरी वाढत होती. माझ्या ताटापाशी ती थांबली, माझ्या तोंडाकडे बघत.

"अर्धीच दे," मी म्हणालो.