हौसाची रजा

जेवण झालं की मी कॉटवर आडवी होते आणि डोक्यावरचा पंखा बघत पडते. पंखा आमच्याच कारखान्यातला आहे. त्याच्या पोटातली तांब्याची तार आमच्या वाइंडिंग खात्यातल्या कुठल्यातरी बाईनं गुंडाळलेली आहे, आणि त्या खात्याची सुपरवायझर मी होते. आता तो फिरताना कुरकुरतो. डोळे मिटत आले की ती कुरकुर वाढत जाते, एकाची अनेक होते आणि मग ती पंख्याची राहतच नाही. हातानं फिरवायची मशिनं ओळीनं चालू आहेत. व्हार्निशचा वास घशात बसतोय.

समोरून हौसा येते. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, हे मला इथंही ठाऊक आहे. अंगावर जांभळी सुती साडी, मनगटाला कॉइल बांधायची पांढरी फीत गुंडाळलेली. माझ्याकडे न बघता ती खात्याच्या टोकापर्यंत जाते, परत येते, मशिनांमागे वाकून बघते.

"काय शोधतेस गं?"

"टेबल कुठं गेलं बाई तुमचं?"

या टेबलाचं सांगायला हवं. ते लोखंडी होतं, एका बाजूनं गंजलेलं, आणि त्याच्या खणाच्या कडीला बायका फीत बांधायच्या. कुणी सुरू केलं माहीत नाही, माझ्या आधीपासून होतं. उद्या रजा हवी असेल तर सकाळी येताना कडीला आपली फीत बांधायची, बोलायचं काहीच नाही. एरवी प्रत्येकीची फीत तिच्या मशिनसमोर लटकायची; जिथं ती दिसत नसायची, तिथली बाई कोण हे मला कळायचं. द्यायची असेल तर मी गाठ सोडून फीत परत तिच्या मशिनला अडकवायची. सुटीचा भोंगा होईपर्यंत गाठ कडीलाच राहिली तर रजा नाही. कारण तिनं सांगायचं नाही, मी विचारायचं नाही. पाळी, नवऱ्याची मारहाण, माहेरचं दुखणं, सगळं त्या गाठीत असायचं.

मी काही देवी नव्हते. उन्हाळ्याआधी पंख्यांची मागणी वाढली की कडीला झुंबर व्हायचं आणि मी कितीतरी गाठी तशाच ठेवायची. बायका हात धुताना मला शिव्या द्यायच्या, मला ऐकू जातील इतक्या मोठ्यानं. पण शिव्या द्यायला तरी कुणीतरी होतं.

"टेबल भंगारात गेलं हौसा. तू होतीस की तेव्हा."

"व्हय?" ती म्हणते, आणि खात्याचं कँटीन होतं.

खुर्च्या गोल मांडल्यात. मोठे मालक वारल्यावर कारखाना हातात घेतलेला त्यांचा मुलगा हृषीकेश मधोमध उभा आहे, अजूनही तितकाच तरुण. शेजारी नवी पद्धत शिकवायला पुण्याहून आणलेला माणूस. आजपासून इथं कुणी साहेब नाही, हृषीकेश सांगतोय, कामं, पाळ्या, रजा, सगळं गट आपलं आपण ठरवणार. एकानं मांडायचं, मग विचारायचं, कुणाची हरकत आहे का. हरकत नसेल तर मंजूर. कुणी कुणाला बाई किंवा साहेब म्हणायचं नाही, नावानं हाक मारायची. हौसा मला 'प्रमिला' म्हणायचा प्रयत्न करते, तोंडावर पदर धरते आणि सगळा गोल हसतो. मागून हमाल माझं टेबल उचलून नेताहेत. बायका टाळ्या वाजवताहेत. वाजवणारच.

खणाच्या कडीला त्या दिवशीही एक फीत होती. ती टेबलाबरोबर गेली. हृषीकेशनं कधी विचारलं नाही की या टेबलाला चिंध्या कसल्या, आणि कुणी त्याला सांगितलंही नाही. बायकांच्या गोष्टी मालकाला कोण सांगणार? त्यानं सगळं काढलं, टेबल काढलं, हुद्दे काढले, केबिनचं दार काढलं. भोंगा तेवढा ठेवला.

हौसा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसते. तिच्या साडीवर मागं डाग आहे, म्हणून ती खुर्चीच्या कडेला टेकलीय.

"तू रजा मागायची होतीस," मी म्हणते. इतकी वर्षं मला हेच म्हणायचं होतं. राग आहे माझ्या आवाजात, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

"कुणाला?"

"गोलात. सगळ्या मागत होत्या."

"सगळ्या लग्नाला मागत होत्या, बारशाला मागत होत्या. मोकळेपणानं कारण सांगा म्हणायचा तो पुण्याचा. असेंब्ली खात्याची पोरं समोर बसलेली, माझ्या लेकाच्या वयाची. त्यांना सांगू, की महिना महिना अंगावरून जातंय?"

"मला एकटीला सांगायचंस."

"आणि तुम्ही काय केलं असतं? उठून म्हणाला असतात, हौसाला रजा द्या. ते म्हणाले असते, कारण?"

ती फीत बोटाला गुंडाळते, सोडते.

"तुमच्याकडनं रजा घेतली तर तुमचंच नुकसान वाटायचं. बरं वाटायचं," ती म्हणते आणि थोडं हसते. "गोलात रजा घेतली की माझ्या कॉइली शेजारच्या मशिनची शेवंता करणार. तिचे हात आधीच सुजलेले. तिच्या तोंडाकडं बघून मागू?"

भिंती हिरव्या होतात. खुर्च्या तशाच गोल आहेत, पण आता मधे सरकारी दवाखान्यातली कॉट आहे आणि हौसा तिच्यावर आहे, इतकी वाळलेली की चादर सपाट दिसते. डॉक्टर शेवंताला सांगताहेत, फार उशिरा आणलं, गर्भाशयाची गाठ आहे, चार महिने आधी यायला हवं होतं. शेवंता तोंडात पदराचा बोळा कोंबून ऐकतेय. हृषीकेश उभा राहतो. आवाज अगदी मऊ, खरोखरच चांगल्या माणसाचा.

"हौसाच्या जाण्याला कुणाची हरकत आहे का?"

सगळे आपापल्या पायांकडे बघताहेत. मी हात वर करू बघते, पण माझा हात मशिनच्या दांड्यावर आहे, दांडा फिरतोय, तार गुंडाळली जातेय, मधेच थांबलं तर कॉइल वाया जाईल.

"मंजूर," तो म्हणतो, आणि पुण्याचा माणूस फळ्यावर लिहितो.

मग कॉट रिकामी. हौसा माझ्याच घरात, माझ्या उशाशी उभी आहे. डोक्यावर पंखा कुरकुरतोय.

"ही मीच गुंडाळलेली दिसतीया," वर बघून ती म्हणते. "तार सैल पडली." मग इकडेतिकडे बघते. "टेबल न्हाई तर न्हाई." ती माझी काठी उचलते, वाकते, मुठीला फीत गुंडाळते आणि दातानं ओढून गाठ आवळते. "बघा. जमलं तर."

"काठीला कुणी बांधतं का? अगं हौसा..."

माझ्याच आवाजानं मला जाग येते. खोलीत ऊन तिरपं झालंय. सून स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवतेय. काठी खुर्चीला टेकवलेली, आणि तिच्या मुठीला पांढरी फीत आहे, कडेनं व्हार्निशनं पिवळी पडलेली. गाठ घट्ट, आमच्या वाइंडिंगची, दुहेरी.

मी उठून बसते आणि गाठीला नख लावते. बोटं वाकडी झालीत माझी, आता साडीची पिनसुद्धा सून लावून देते. गाठीचा एक पदर थोडा हलतो, पुन्हा बसतो. सून चहा घेऊन येते, बघते, विचारते, "कात्री आणू का आई?"

नको म्हणते. कापलेली फीत परत कुणाच्या मशिनला अडकवणार?

चहा निवतो. मी दात लावून बघते, माझे दात कवळीचे. कारखान्यांच्या वसाहतीच्या बाजूनं सुटीचा भोंगा होतो, लांबलचक, पूर्वीसारखाच.

गाठ अजून मुठीला आहे.