पाच कवचांची बरणी

मूल गावच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या बरण्या नवाबभाऊंनी एकतीस वर्षं सांभाळल्या. त्यातली एक त्यांची लाडकी. तिच्यात लाकडाच्या ढलपीला चिकटलेला, देठाचा बार्नॅकल हा कवचवाला समुद्री जीव होता. भाऊंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण नवी पोरं त्या जिवाला शिंपला म्हणाली की त्यांचं डोकं फिरायचं.

"शिंपला नाई तो. पहिले मोठमोठे पंडितबी फसले. मंग पिल्लू पाहिलं तवा समजलं, झिंग्या-खेकड्याच्या खानदानातला आहे. पिल्लू पोहते, मंग डोकं लाकडाले चिकटवते, अन् जिंदगीभर उलटं राहून पायानं घास तोंडात ढकलते."

मग ते देठावरची पांढरी कवचं मोजून दाखवत. दोन्ही अंगांना दोन-दोन, पाठीला एक. आत पिसांसारख्या पायांच्या सहा जोड्या. कवचांवरून जात ठरते, कवचं गेली की ओळख गेली, हे त्यांचं पालुपद. म्हणून या बरणीत ते फक्त अल्कोहोल घालत, कारण फॉर्मलिनच्या आंबटपणानं कवच विरघळतं. दोन्ही औषधं पाण्यासारखी, कॅनही सारखेच. प्राध्यापक रंजीता मॅडमनी कॅनवर चिठ्ठ्या लावायला सांगितल्या तेव्हा भाऊ हसले. चिठ्ठ्या नाक नसलेल्यांसाठी, आपण हुंगून ओळखतो. हट्टाला औषध नसतं.

यंदा पावसाळाभर त्यांच्या डोळ्यांचं पाणी खळलं नाही. दूध करपलं तरी चुलीपाशी बसून तुम्हाला कळलं नाही, असं त्यांची बायको रहमतबी घरी म्हणाली. भाऊंनी सर्दीवर ढकललं, पण मनात पाल चुकचुकली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी बरणी उघडली. चिमट्यात धरलेलं कवच भिजल्या कागदासारखं वाकलं. दुसऱ्याची भुकटी होऊन तळाशी गेली. जूनमध्ये बरणी त्यांनीच भरली होती, हुंगून.

त्यांनी दोन्ही कॅन ओढले. पहिला उघडून नाकाशी धरला. काहीच नाही. दुसऱ्यावर वाकून छातीभर श्वास घेतला. तोही पाण्यासारखाच.

दारात आलेल्या रंजीता मॅडम नाकाला पदर लावून मागे सरल्या.

"भाऊ, फॉर्मलिन काऊन उघडं ठेवलं? डोळे जळून राह्यले."

भाऊंनी दोन्ही कॅन त्यांच्याकडे सरकवले.

"यातलं कोणतं आहे, मॅडम?" ते म्हणाले. "तुमीच सांगा मले."