सांबर छाप पटाशीचं पाणी

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललो नाही. आमच्या मंडळीपाशीसुद्धा नाही, आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे काय असतं ते लग्न झालेल्यालाच कळेल. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसून कितीदा तरी ओठांवर आली, तिथंही गिळली. देवाला ठाऊकच असणार, मग परत सांगायचं कशाला, असं म्हणून उठलो, घरी आलो, भाकरी खाल्ली, झोपलो. आहे की नाही लबाडी?

तर तुम्हालाच सांगतो. पण सरळ नाही यायची तोंडातून. जरा वळसा घेऊ द्या.

मी नामदेव. सोलापुरात गिरणीत कामाला आहे, सुतारखात्याचा हेड मिस्त्री. हत्यारांतलं काही विचारायचं असलं की लोक माझ्याकडे येतात. पेठेतला हत्यारांचा दुकानदारसुद्धा नवा माल उतरला की निरोप धाडतो, मिस्त्री, एकदा नजर टाकून जा. मी जातो. पटाशी उचलतो, पात्याला नखानं टिचकी मारतो, कानाशी धरतो आणि डोळे मिटतो. आता खरं सांगू? त्या टिचकीतून मला काही म्हणजे काही कळत नाही. ठण्ण वाजतं, एवढंच. पण मी डोळे मिटले की अख्खं दुकान गप्प होतं, आणि ते मला लई आवडतं. — थांबा, हा माझा गुन्हा नव्हे. हा नुसता नखरा. गुन्हा पुढं आहे.

मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. जर्मन माल पुन्हा बाजारात दिसायला लागला होता, आणि आमच्या खात्यात पटाशीवरून तीन पक्ष पडले होते. एक घंटा छाप, विलायतेची, शेफील्डची. मूठ पिवळीधमक, गुळगुळीत, आणि शिक्का असा खोल की आंधळ्यानं बोटानं वाचावा. दुसरी होडी छाप, स्वीडनची. तिचं पोलाद चांगलं म्हणतात, पण किंमत अशी की आम्ही ती दुकानातच हातात घ्यायचो आणि दुकानातच ठेवायचो. तिसरी सांबर छाप, जर्मनीची. मूठ जाड, दिसायला ओबडधोबड, शिक्क्यातलं सांबर तर असं की बकरी म्हणावं. जेवणाच्या सुट्टीत डबे सुटले की आमची भांडणं सुटायची. तालमीतल्या पोरांनीसुद्धा आमच्याकडून शिकावं.

हमी तिघांचीही वेगळी. घंटावाले म्हणायचे, पातं मोडलं तर बदलून देऊ, धारेचं तुमचं तुम्ही बघा. होडीच्या खोक्यात एक चिठ्ठी असायची. ती कुठल्या भाषेतली होती कुणास ठाऊक! आणि सांबरवाल्यांचं बोलणं एकदम मोकळं — पातं तडको, धार मुडपो, पोलादात खोट वाटली की परत पाठवा, नवी देऊ. यावर आम्ही घंटावाले पोट धरून हसायचो. जर्मनी म्हणजे काय मोडनिंब आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायला?

मी घंटा छापचा पुढारी. आणि सांबर छापचा सिद्राम.

सिद्रामाबद्दल नीट सांगितलं पाहिजे. अक्कलकोटकडचा माणूस. घरी कानडी, खात्यात मराठी, आणि करवत अडकली की शिव्या दोन्ही भाषांत. माझा जिवाचा दोस्त. माझ्या डब्यातली शेंगाचटणी तो खायचा, त्याच्या डब्यातली कडक भाकरी मी. त्याची एक खोड होती. तो छाप बघायचाच नाही. ढिगातनं एक पटाशी उचलायचा, पात्यावर अंगठा फिरवायचा, उजेडात तिरकी धरायचा आणि म्हणायचा, "ही." आणि ती चांगलीच निघायची. कसं काय रे कळतं, विचारलं तर हसायचा. "हाताला कळतंय की. मला कुटं कळतंय?" असं होतं ते. कामातही तो माझ्यापेक्षा चांगला होता. हे सांगतानाही जीभ जरा जड झाली बघा.

तर आमचे म्हातारे मिस्त्री काम सोडून गावी जायला निघाले होते, आणि त्याच वेळी खात्यासाठी नवी हत्यारं घ्यायची होती. साहेबाला आमची भांडणं ठाऊक होती. तो म्हणाला, सगळ्यांसमोर परीक्षा घ्या. बाभळीचा गाठाळ ठोकळा ठेवा, घंटा आणि सांबर, दोन्ही छापांच्या पटाशांनी खाच पाडा, जी टिकेल ती घेऊ. वरवर गोष्ट पटाशीची. पण मिस्त्रींच्या जागी कोण, सिद्राम की मी, हेही त्याच ठोकळ्यावर ठरणार, हे खात्यातला झाडूवालाही जाणत होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सिद्राम आपली नवीकोरी सांबर छाप घेऊन माझ्याकडेच आला. सुतार आपलं हत्यार दुसऱ्याच्या हाती देत नाही, बायको माहेरी पाठवताना करत नसेल इतका विचार करतो. आणि हा मला म्हणतो, "धार तूच लाव की नामू. तुझ्या हातची धार लई गोड असती." मी म्हणालो, अरे येड्या, मी तुझ्याविरुद्ध आहे! तर हसून म्हणतो, "त्यात काय झालं? तू घंटेच्या बाजूचा हायस. माझ्याविरुद्ध कुटं हायस?"

आता इथं मला जरा दम घेऊ द्या.

पोलादाला पाणी दिलेलं असतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. लोहार पातं लाल करून विझवतो, बेतानं पुन्हा तापवतो, त्यानं त्याला कडकपणा येतो, त्याला आम्ही पाणी म्हणतो. धार दगडावर लावली की ते शाबूत राहतं. पण एमरीच्या फिरत्या चाकावर पातं जास्त वेळ टेकलं की ते तापतं. आधी पिवळं पडतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि शेवटी मोराच्या मानेसारखं निळं. निळं झालं की पाणी उतरलं. दिसायला पटाशी, वागायला पत्रा. बरं, निळेपणा तेलानं आणि पॉलिश कागदानं घासून काढता येतो. मग वरून कुणाला कळत नाही. हातावरचे केससुद्धा भादरते अशी पटाशी. लाकडाची गाठ आली की मात्र मान टाकते.

सिद्रामाची पटाशी निळी झाली. मी घाईत होतो, चाकावर जरा जास्त टेकली गेली. मग घाबरलो, घासूनपुसून साफ केली, आणि काही न बोलता त्याला दिली.

असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय.

परीक्षा झाली. सगळं खातं गोल करून उभं. साहेब पाइप ओढत. माझी घंटा गाठीतनं कुरकुरत का होईना, पार झाली. मग सिद्रामानं मोगरी उचलली. पहिले ठोके सुरेख पडले. मग गाठ आली. त्यानं पटाशी बाहेर काढली तर धार दुमडलेली, पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडतो तशी. मग सिद्रामच पहिल्यांदा हसला. "सांबर पळालं की रे जंगलात!" म्हणाला. मग काय, सगळी गिरणी हसली. साहेब हसला, म्हातारे मिस्त्री खोकला लागेपर्यंत हसले. मीसुद्धा हसलो. मोठ्यानं हसलो.

पुढच्या महिन्यात मी मिस्त्री झालो. पेढे सिद्रामानं वाटले.

खरी गंमत तर पुढं. सिद्रामानं ती पटाशी दुकानदारामार्फत जर्मनीला परत धाडली! हमी आहे ना, म्हणाला, बघू तरी बोलल्याप्रमाणं वागतात का. आणि माझी झोप उडाली. तिकडचे कारागीर काय दूधखुळे असतील? पातं हातात घेताच म्हणतील, हे तर चाकावर जाळलंय कुणीतरी. आणि तसं लिहून कळवतील. पोस्टमन दिसला की मी खात्यात शिरायचो, घरी असलो तर माजघरात. मंडळी विचारायची, तुम्हाला पोस्टमनचं काय वावडं? मी म्हणायचो, त्याची टोपी बघवत नाही.

कित्येक महिन्यांनी पार्सल आलं. नवी पटाशी, आणि सोबत इंग्रजीत चार ओळी. हापिसातल्या कारकुनानं सगळ्यांपुढं वाचून दाखवल्या. कंपनी दिलगीर होती. पाणी देताना आमच्याच कारागिराकडून चूक झाली असणार, असं लिहिलं होतं. ऐकलंत? माझ्या पापाची माफी जर्मनी मागत होती! तिकडं कुणा बिचाऱ्याला मुकादमाचे बोल बसले असतील, आणि त्याला कळलंही नसेल की आपण काय केलं. खात्यात सगळे म्हणाले, माल कच्चा, पण कंपनी खानदानी. मी मान डोलावली. मिस्त्री होतो ना, मान डोलावणं हे आता माझं कामच होतं.

इथंच संपलं असतं तर मी गप्पच राहिलो असतो. जागा मिळाली, मिळाली. सिद्रामानं कधी डूख धरला नाही, त्याच्या डब्यातली कडक भाकरी मला अजून मिळते. पण त्या दिवसापासून त्यानं पटाशी उचलून "ही" म्हणायचं सोडलं. करवत घ्यायची, मला विचारणार. रंधा घ्यायचा, मला विचारणार. कानस घ्यायची झाली तरी, "नामू, तू चल की संगं. माझ्या हाताला आता कळंना झालंय." हसतच म्हणतो. त्याला दुःख झालंय असं तोंडावर दिसत नाही. दिसलं असतं तर बरं झालं असतं का? कुणास ठाऊक.

बरं, आता वळसा संपला. सांगतो.

मी घाईत नव्हतो. त्या सकाळी मी सिद्रामाची पटाशी दगडावरच घासली होती, तेल घालून, निवांत, दोस्ताची म्हणून मन लावून. अशी धार लागली की काय सांगू. मग सहज, नुसतं बघावं म्हणून, बाभळीच्या तुकड्यावर चालवून पाहिली. गाठीतनं अशी गेली की गाठ होती की नव्हती! माझी घंटा तिच्यापुढं काहीच नव्हती. तो खरं बोलत होता. त्याच्या हाताला खरंच कळत होतं.

आता तुम्हीच सांगा, धार लागलेली पटाशी कुणी चाकावर नेतं का? आणि आमच्या खात्यातलं ते चाक आपोआप फिरत नाही. पायानं मारावं लागतं. मी स्टुलावर बसलो. मी पाय मारला. पिवळं झालं, तपकिरी झालं, जांभळं झालं — तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं — आणि मी पाय मारत राहिलो. निळं झाल्यावर तेल आणि कागद घेतला, घासलं, पुसलं, आणि पुन्हा दगडावर वरवरची धार लावली. शीळ घालत होतो, तेही आठवतं.

घरी माझ्याकडे एक पटाशी आहे, मागाहून गुपचूप विकत आणलेली. फडक्यात गुंडाळून, माळ्यावर. शिक्का मी कानशीनं घासून काढलाय, पण नीट बघाल तर सांबराचं एक शिंग अजून दिसतं. देवघर केलं ते तिनंच. पाळणा केला तो तिनंच. मंडळी म्हणते, ही कुठल्या छापाची हो? मी म्हणतो, जुनी आहे.

गेल्या आठवड्यात सिद्राम मला पुन्हा पेठेत घेऊन गेला. त्याच्या जावयानं कुंभारी गावात सुतारकामाचं दुकान घातलंय, त्याला पटाशांचा जोड द्यायचा होता. दुकानदारानं दोन्ही छाप पुढं मांडले. आणि मी बघितलं, सिद्रामाचा हात आपसूक सांबराकडं गेला. त्यानं ती उचलली. अंगठा फिरवला. उजेडात तिरकी धरली. तोंड उघडलं — मला वाटलं, आता म्हणतोय, "ही" — आणि मग ती त्यानं माझ्यापुढं केली.

"कुटली घेऊ, नामू?"

मी टिचकी मारली. कानाशी धरली. डोळे मिटले. दुकान गप्प झालं.

"घंटा घे," मी म्हणालो.

"व्हय," म्हणाला, आणि सांबर छाप जागेवर ठेवून त्यानं घंटा घेतली.